घोंगडीवरचं तांबं

दांगडे सर आमच्या पॉलिटेक्निकमध्ये रुजू झाले त्याच आठवड्यात त्यांनी माझ्या टेबलाचा सनमायका सोलायला घेतला. मी गणिताचा तास संपवून स्टाफरूममध्ये आले, तर हे गृहस्थ माझ्या टेबलाच्या कोपऱ्याशी उकिडवे बसलेले. हातात पोलादी पट्टी. सुटू लागलेल्या सनमायक्याखाली ती पट्टी सरकवत होते. मला पाहूनही उठले नाहीत.

"मॅडम, हे तसंही निघालंच हाय. मी नेऊ का?"

"अहो, टेबल आहे ते माझं!"

"टेबलाला त्याचा काय उपयोग?" ते अगदी मनापासून म्हणाले.

मी नाही म्हटलं. दोन दिवसांनी तो कोपरा गेलेलाच होता. विचारलं तर म्हणाले, "घेतला. पण धरला नाय." जणू काही फसवणूक माझ्या टेबलानं त्यांची केली होती.

सर इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचे. रेडिओ असो की मोबाइल, कुठल्याही यंत्राच्या पोटात एक हिरवी पाटी असते. तिच्यावर तांब्याच्या बारीक वाटा असतात आणि त्या वाटांवरून वीज सगळीकडे फिरते. ती पाटी म्हणजे सर्किट बोर्ड. मुलांना तो करायला शिकवायचा तर तांबं चढवलेल्या कोऱ्या पाट्या हव्यात. आमच्या कॉलेजात त्या नव्हत्या. सर स्टोअरमध्ये मागायला गेले की उत्तर ठरलेलं, "आधीचा साठा संपला की मागवू." सर परत येऊन बॅग आपटायचे. "साठा हायच कुठं? नसलेला संपतो कसा, मला सांगा!"

पण खरं सांगायचं तर स्टोअरनं पाट्या दिल्या असत्या तरी सर थांबले नसते. पाट्या स्वतः करायच्या, आणि हाताला लागेल त्या वस्तूपासून करायच्या, हे त्यांच्या डोक्यात त्याआधीच बसलेलं होतं. कुठलीही वस्तू त्यांच्यासमोर आली की तिची परीक्षा व्हायची. आधी अंगठ्याचं नख रोवून बघायचे. मग कड दातानं चावायचे. पाणी पितं का बघायला जीभ लावायचे. त्यात पास झाली तर खिशातून लायटर काढायचे. एकदा शिपायानं डब्याखाली ठेवलेल्या पुठ्ठ्यावर हा सगळा प्रयोग झाला आणि शिपाई बिचारा तोंड उघडं टाकून बघत राहिला. लग्नाची पत्रिका हातात आली की मुलामुलीचं नाव वाचायच्या आधी ते कागद वाकवून बघायचे. आमच्या ग्रंथपालांनी मुलीच्या लग्नाचं आमंत्रण दिलं तेव्हा म्हणाले, "वा! काय जाड कागद हाय. उरलेल्या द्या मला." ग्रंथपाल कितीतरी दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत.

निकाल दोनच. धरतंय, नाहीतर धरत नाय. म्हणजे त्या वस्तूवर चिकटवलेलं तांबं टिकतंय की सुटतंय. पुढे पुढे हा निकाल ते माणसांनाही लावायला लागले. नवे प्राचार्य आले, पहिली मीटिंग झाली, बाहेर पडताना मी विचारलं, "कसे वाटले?" सरांनी मान हलवली. "धरत नाय."

आभार मानणं त्यांना जमायचं नाही. हसताना मी त्यांना क्वचित पाहिलं. बोटांची टोकं कायम पिवळट तपकिरी, तांबं खाणाऱ्या द्रावणानं रंगलेली. आणि राग मात्र मुबलक. तोही माणसांवर कमी, वस्तूंवर जास्त. सनमायक्याच्या तुकड्यावर बुटाच्या डिंकानं तांब्याचा पत्रा छान बसायचा, पण सोल्डरिंगची गरम सळई लागली की डिंक वितळायचा आणि पत्रा उचलायचा. मग सर त्या तुकड्याला असे ओरडायचे, जसं कुणी दुसऱ्याच्या शेतात घुसलेल्या बकरीला ओरडावं. "आरं, जरा दम धर की! कुठं पळायलास?" शेजारच्या वर्गातली माझी मुलं फिदीफिदी हसायची आणि माझा फळ्यावरचा हिशोब चुकायचा.

त्यांचं घर मुकुंदवाडीला होतं. एकदा रविवारी काही कामानं मी गेले. दार सरांच्या बायकोनं, रुक्मिणीवहिनींनी उघडलं आणि मला बघताच, जणू कोर्टात साक्षीदार मिळाला, तशा मला सरळ स्वयंपाकघरात घेऊन गेल्या.

"बघा मॅडम. तुम्हीच बघा."

ओट्यावर इस्त्री होती. तिच्या तळाला काळा थर. सर चकचकीत कॅलेंडरच्या पाठीवर आकृतीची झेरॉक्स काढायचे, तो कागद तांब्यावर उपडा ठेवायचे आणि वरून गरम इस्त्री फिरवायचे. मग शाई तांब्यावर उतरायची. पुढे पाटी द्रावणात बुडवली की शाईखालचं तांबं राहायचं आणि बाकीचं विरघळायचं. नुकतीच ती इस्त्री वहिनींच्या जांभळ्या साडीवर फिरली होती आणि पदरावर कुठल्याशा घंटीचं सर्किट उमटलं होतं.

"हा पोह्यांचा डबा," वहिनींनी स्टीलचा डबा उजेडाला धरला. तळाला चाळणीसारखी भोकं पडली होती. "ह्यात ते पाणी ओतलं. म्हनले स्टीलला काय होत नाय."

"मला वाटलं चांगल्या स्टीलचा असल," सर आतल्या खोलीतून म्हणाले.

"माझ्या माहेरचा हाय!"

"म्हणून तर."

वहिनींनी डबा ओट्यावर आदळला. मग माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाल्या, "हे सगळं बिरूपायी चाललंय. नायतर मी केव्हाच बाहेर फेकलं असतं."

बिरू हा सरांचा धाकटा भाऊ. घरात मेंढरं पिढ्यांपासूनची. सर शाळेत हुशार निघाले, शिकले, शहरात आले. बिरू मागे राहिला. खुलताबादच्या डोंगराकडे त्यांची वस्ती, आणि वर्षातले बरेच महिने तो मेंढरं घेऊन रानोमाळ. म्हातारी आई, जिला दोघं माय म्हणायचे, ती वस्तीवर. जाळीच्या वाड्यात मेंढरं बसवली की लांडग्यांची भीती. बिरूनं बाजारातून एक सौरदिवा आणला होता. वाड्याभोवती बांधलेल्या दोरीला धक्का लागला की तो लुकलुकायचा आणि भोंगा वाजवायचा. काही दिवस चालला, मग बंद पडला. सरांनी तो स्टाफरूममध्ये आणून उघडला. आत बोर्डावर काळ्या डांबरासारखा कडक गोळा ओतलेला. आतलं काही दिसेना, दुरुस्त करता येईना. सरांनी तो स्टेपलरनं ठोकून फोडायचा प्रयत्न केला. स्टेपलर मोडला. तो माझा होता.

"बघा," ते धापा टाकत म्हणाले, "बिघडला तर फेका म्हंतेत. रानात असलेल्या माणसानं दुसरा कुठून आणावा? जिथं बिघडल तिथंच नीट करता आला पायजे. तिथं जे मिळंल त्यातून."

मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की माझ्या टेबलाचा कोपरा कुठे गेला होता.

मग बिरूच्या दिव्यासाठी एकामागून एक बोर्ड सुरू झाले. प्लायवूडवर टाचण्या ठोकून केलेला बोर्ड मेंढरांनी तुडवला. पत्रिकांच्या पुठ्ठ्याचा भिजला. शहागंजच्या एका भंगारवाल्या चाचांकडून सर जुन्या ट्रान्सफॉर्मरमधली तांब्याची पट्टी आणायचे. एकदा मी बरोबर होते. सर पट्ट्या वाकवत बसलेले बघून चाचा मला म्हणाले, "मॅडम, ये सर को समझाव ना. इत्ते में तो नवा लाइट आता. कायकू जान खपा रै?" सरांनी मान वर केली नाही. मी समजावायचं काम चाचांवरच सोडलं.

मग घोंगडी आली. ही कल्पना सुचली तेव्हा सर दोन दिवस प्रसन्न होते आणि आम्ही सगळेच त्यानं अस्वस्थ झालो. लोकर वितळत नाही, सळई लागली तर जरा करपते एवढंच. आणि घोंगडी कडक करायला चिंचोक्याची खळ लावतात. मायला ती करता यायची. चिंचोके भाजायचे, सोलायचे, भिजवून वाटायचे आणि शिजवायचे. सरांनी आईकडून शिकून घेतलं. जुन्या घोंगडीचे तीन-चार थर खळीनं एकावर एक चिकटवून पाट्याखाली दाबले, वर तांब्याच्या पट्ट्या बसवल्या. वाळल्यावर लाकडासारखी कडक पाटी तयार झाली. त्यांनी ती माझ्या टेबलावर आपटून दाखवली.

"धरतंय!" मी त्यांच्या तोंडून हा शब्द इतक्या मोठ्यानं पहिल्यांदाच ऐकला.

एक पाटी दिवा आणि भोंगा जोडून बिरूकडे गेली. तशाच पाटीवर सरांनी फरहीन नावाच्या विद्यार्थिनीला तिचा शेवटच्या वर्षाचा प्रकल्प करायला लावला. पोरगी हुशार, गणितात माझी लाडकी. तिला घोंगडी अजिबात पसंत नव्हती, पण सरांपुढे बोलायची नाही. तोंडी परीक्षेला बाहेरून परीक्षक आले. त्यांनी पाटी उचलली, हुंगली आणि म्हणाले, "हे काय, मेंढी आणलीत का?" सगळे हसले. फरहीन उत्तरं विसरली. जेमतेम पास झाली.

दुसऱ्या दिवशी ती स्टाफरूमच्या दारात आली. डोळे सुजलेले होते.

"सर, मैं बोली थी ना, ऑनलाइन मंगा लेते करके. दोन दिवसांत बोर्ड येतो."

"आणि बिघडला तर?"

"तर दुसरा मागवायचा."

"रानात कुरियर येतो का?" सरांचा आवाज चढला.

"सर, माझं घर रानात नाही. रोशनगेटला आहे."

ती गेली. माझा संयम संपला. मी म्हटलं, "तुमच्या भावाच्या मेंढरांपायी त्या पोरीचे मार्क गेले, कळतंय का तुम्हाला?" जेवणाच्या सुट्टीत मी प्राचार्यांच्या केबिनवरून गेले, तर ते दाराबाहेर उभे. संध्याकाळी मी घरी निघाले तरी ते तिथंच. फरहीनची परीक्षा पुन्हा घ्या, चूक माझी होती, असं सांगायला उभे होते. प्राचार्यांनी आत बोलावलं, तसा नियम नाही म्हणाले, आणि वर ऐकवलं की सर, हे घोंगडी-बिंगडीचं बंद करा, कॉलेजचं नाव जातं. सर बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा काळवंडला होता. मला ओलांडून निघून गेले.

त्या हिवाळ्यात एका दुपारी कॉलेजच्या फाटकाशी एक उंच, काटकुळा माणूस उभा दिसला. डोक्याला पटका, खांद्यावर पिशवी. मला विचारलं, "दांगडे दादा आत हायेत का?" नाक अगदी सरांसारखं. मी बिरूला कँटीनमध्ये बसवलं आणि सरांना बोलावलं. मी जायला निघाले, तर सर म्हणाले, "बसा मॅडम." का म्हणाले ते माहीत नाही. कदाचित एकट्यानं ऐकायचा धीर नसावा.

बिरूनं चहाला हात लावला नाही. पिशवीतून घोंगडीची पाटी काढून टेबलावर ठेवली. ती फुगून मऊ पडली होती, एका कडेला उंदरांनी कुरतडलेली.

"दादा, लांडगं आलं होतं. लई नुस्कान झालं."

"भोंगा वाजला नाय?"

बिरू टेबलाकडे बघत राहिला. "मी तार काढून ठिवली होती."

"का?"

"रोजच वाजायचा. दव पडलं की वाजायचा. काय नसताना वाजायचा. मेंढरं बिचकून जाळीवर पडायची, मायला झोप नाय. मग मी तार काढायचो."

मला कळायला एक क्षण लागला, सरांना तेवढाही लागला नाही. खळ दवानं ओली होत होती. ओल्या लोकरीतून वीज एका पट्टीवरून दुसरीवर झिरपत होती. सरांनी पाटी हातात घेतली, नख रोवलं. नख आत गेलं.

"मला सांगितलं का नाय? दर खेपेला इच्यारलं तर चांगलं चालतंय म्हनायचास."

"तू येवढं करायचास," बिरू म्हणाला. "तुला वाईट वाटंल म्हनून बोललो नाय."

कँटीनमध्ये कुणीतरी कपबशा विसळत होतं. सर त्या आवाजाकडे कान लावून बसल्यासारखे बसले.

"आधीचे बोर्ड? पुठ्ठ्याचा, प्लायचा?"

"एक पट्टी सुटली तरी बंद पडायचं. मला कुठं डाग देता येतो? ती सळई, ते कथील मी रानात कुठून आनू? बाजाराच्या दिवशी शहरात यायचं, तुझ्याकडून नीट करून न्यायचं. तवर अंधार. मला हातानं पिळता येईल, आवळता येईल असं पायजे होतं, दादा."

"मग तसं बोलायचं व्हतं!"

"तू कधी इच्यारलं?" बिरूचा आवाज चढला नव्हता. तो फक्त दमलेला होता. "तू म्हनायचास, हे बघ काय आनलंय."

मग त्यानं सांगितलं की उरलेली मेंढरं विकायचं ठरलंय, गिऱ्हाईक बघून ठेवलंय. चितेगावच्या एका कंपनीत मदतनीस घेतायत, पुढच्या महिन्यापासून जाणार. तिथं एक खोलीही बघितलीय. माय मात्र वस्ती सोडायला तयार नाही. हे सगळं तो अशा सुरात सांगत होता, की सरांना अडवायला जागाच राहू नये. सरांनी अडवलं नाही. भावाचा थंड झालेला चहा उचलून स्वतःच पिऊन टाकला.

मला वाटलं, आता हे थांबेल. रुक्मिणीवहिनींनाही वाटलं. त्यांनी नवी इस्त्री घेतली. पण झालं उलटंच. सर जास्तच चिडके झाले. तासाला मुलांवर खेकसायचे, स्टाफरूममध्ये कुणाशी बोलायचे नाहीत. कॉलेजच्या मागे मोडक्या प्लॅस्टिकच्या खुर्च्यांचा ढीग होता. तिथं एकदा ते करवत घेऊन खुर्चीची पाठ कापताना दिसले. मी जाऊन उभी राहिले.

"हे तर सळईनं वितळेल ना?"

"सळई नाय लावायची." ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "भोकं पाडायची. नटबोल्ट टाकायचे. तार खाली दाबून आवळायची. पानीबी पीत नाय हे." मग करवत थांबवून एकदम भडकले. "मला हे धा वर्षं आधी सुचाया काय झालं होतं? सोल्डर केल्याबिगर बोर्ड होत नाय, हेच शिकलो, हेच शिकवलं. ढीग इथंच पडला होता, मॅडम! रोज ह्याच्यावरून चालत गेलो मी!"

"पण आता मेंढरं नाहीत ना सर."

"नायत," ते म्हणाले, आणि परत कापायला लागले.

ती पाटी मी पाहिली. जाड, ओबडधोबड, लाल रंगाची, वर सायकलच्या दुकानातले नटबोल्ट आणि एक बारका दिवा. दिसायला भयंकर. सरांनी ती बादलीत बुडवली, बाहेर काढली, जमिनीवर फेकली, वर उभे राहिले. दिवा लुकलुकतच होता. यावेळी ते काहीच बोलले नाहीत. ना धरतंय, ना काही. मी तोंडभरून कौतुक केलं तर म्हणाले, "कौतुक काय करता, उशीर झाला."

पुढच्या वर्षी इलेक्ट्रॉनिक्सला मुलंच आली नाहीत. सगळ्यांना कॉम्प्युटर हवा होता. शाखा बंद झाली आणि कंत्राटावरच्या सरांना जा म्हणून सांगितलं. निरोपाचा कार्यक्रम ठरवायच्या आतच त्यांनी कपाट मोकळं केलं. मला भेटायला आले, माझ्या टेबलावर हात फिरवला, जिथं सनमायका नव्हता तिथलं लाकूड चाचपलं. "लाकूड चांगलं हाय," एवढंच म्हणाले. वर्षभर खबर नाही. रुक्मिणीवहिनी एकदा भाजीबाजारात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "मायजवळ वस्तीवर असतेत. इथं टिकतच नायत. तिकडं कुनाकुनाच्या मेंढरांच्या मागं फिरतेत, ते डबडं घ्या म्हनून. लोक पळतेत ह्यांना बघून."

मग माझी बहीण पुण्याहून आली. तिच्या घरच्यांना वेरूळ दाखवायला आम्ही गाडीनं निघालो. घाट चढून खुलताबाद मागे टाकलं आणि पुढे उताराला रस्ता मेंढरांनी भरलेला. गाडी थांबली. ड्रायव्हर हॉर्न वाजवत बसला. मी काच खाली केली, तर रस्त्याच्या कडेला बाभळीखाली दांगडे सर.

केस पांढरे झाले होते. दाढी वाढलेली. एका धनगराशी त्यांची जुंपली होती. धनगर मान हलवत पुढे निघालेला, त्याची बायको घोड्यावरचं ओझं नीट करत मागे राहिलेली. घोड्याच्या बाजूला लाल प्लॅस्टिकची पाटी लटकत होती.

"आरं, नेऊन म्हैना झाला आन बंद म्हंतोस? काय केलंस त्येला?" सर ओरडत होते.

"बंद पडलं. तुमचं तुमी घिऊन जावा," धनगर चालता चालता म्हणाला.

सरांनी पाटी सोडवायला हात घातला, पण बाईनं त्यांना जरा बाजूला सारलं. तिनं पाटी उलटी केली, एक बोल्ट बोटानं हलवून बघितला. केसातली पिन उपसली, दातानं वाकवली, सुटलेल्या तारेच्या जागी खुपसली आणि बोल्ट पिळला. दिवा लागला. मेंढरांच्या धुळीत, भर दुपारी, तो लुकलुकायला लागला.

मला वाटलं सर हसतील. ते वाकले, बघितलं आणि वैतागून म्हणाले, "अगं, उलटी बसवलीस. ती तिकडून यायला पायजे."

"लागला नव्हं?" बाई म्हणाली. "मग?"

सरांनी तोंड उघडलं. त्यांना खूप काही सांगायचं होतं हे गाडीतूनही दिसत होतं. हात वर गेला, बोट त्या पिनेकडे रोखलं गेलं. मग हात खाली आला. ते तिथंच मातीत खाली बसले.

"बरं," ते म्हणाले, "परत काढ. कसं केलंस ते दाव."

बाईनं नवऱ्याकडे एकदा बघितलं, तो बराच पुढे गेला होता. मग तीही त्यांच्यासमोर टेकली आणि पिन काढली.

मी दार उघडायला हात लावला, पण रस्ता मोकळा झाला होता आणि मागच्या गाड्या ओरडायला लागल्या होत्या. आमचा ड्रायव्हर निघाला. मी वळून पाहिलं. सरांनी मान वर केली नव्हती. चष्मा कपाळावर सारून ते त्या बाईच्या हातांकडे बघत होते.